रोपित स्वच्छमंडलावरील पांढरा संचय : शुक्र की औषधकण?

स्वच्छमंडलाचे प्रत्यारोपण झालेला रुग्ण ‘बुबुळावर पांढरे दिसते’ म्हणून आपल्याकडे येतो, तेव्हा सव्रण शुक्र हे निदान चटकन मनात येते आणि हात लेखन अंजनाकडे जातो. तो आवरावा, यासाठी हे टिपण.

शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग टळावा म्हणून प्रतिजैविक थेंब देतात. त्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन आम्ल द्रवात चांगले विरघळते. म्हणून त्याच्या ०.३ टक्के थेंबांचा सामू सुमारे ४.५ राखलेला असतो. अश्रूंचा सामू ७ च्या किंचित वर. थेंब नेत्रात पडताच आम्लता ओसरते आणि औषध स्फटिकरूपाने खाली बसते. खडीसाखरेचा पाक निवताना कण धरतो, तशातलाच हा प्रकार. येथे उष्णतेऐवजी आम्लता उतरते. पृष्ठस्तर अखंड असल्यास अश्रू व पापण्या हे कण धुऊन नेतात. रोपित पटलावर तो स्तर पुष्कळदा भरून आलेला नसतो, नेत्र कोरडा असतो, थेंबही वारंवार पडतात. मग कण व्रणातच साचतात.

प्रत्यारोपणाच्या नव्हे, पण जंतुजन्य व्रणाच्या २१० रुग्णांत हे थेंब वारंवार घातले असता ३५ जणांत असा संचय आढळला होता. तो २४ तास ते ७ दिवसांत दिसू लागला आणि अनेकांत दोन आठवड्यांच्या आत विरला. स्वतः तो फारसा घातक नाही, मात्र व्रण भरण्यास विलंब करू शकतो.

हा संचय खडूसारखा, पृष्ठावर व व्रणापुरता असतो. लाली, वेदना, प्रकाशासहत्व वाढले किंवा दृष्टी मंदावली, तर संसर्ग वा रोपाचा अस्वीकार संभवतो. परंतु बॅटरीच्या उजेडात हा निवाडा करू नये. स्लिट लॅम्पखालीच तो होतो. रुग्णास त्याच दिवशी शस्त्रवैद्याकडे धाडावे. अंजन, आश्च्योतन, मध, त्रिफळा क्वाथाचे धावन यांपैकी काहीही करू नये. लेखनाच्या घर्षणाने कोवळा स्तर सोलला जातो, टाके दुखावतात. स्टिरॉइडमुळे प्रतिकारही क्षीण झालेला असतो.

औषधालयचालकांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन लिहिले असता ‘एकाच कुळातले’ म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन देऊ नये. मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या थेंबांचा सामू सुमारे ६.८ असल्याने त्याचा संचय क्वचितच होतो. रुग्णानेही कोणतेच थेंब, विशेषतः स्टिरॉइडचे, आपणहून थांबवू नयेत. रोपाचा अस्वीकार त्यानेच ओढवतो. प्रतिजैविक बदलावे की कण काढावेत, हे शस्त्रवैद्य ठरवील. जाताना सर्व बाटल्या सोबत न्यावयास सांगाव्यात.