गोधडीवरची बुरशी

प्रश्न : आमचं घर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ. पावसाळ्यात पेटीतल्या गोधड्यांवर काळे ठिपके पडतात, कुबट वास येतो. काय करावं?

उत्तर : घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाची झड लागलेली असताना गोधडी धुऊच नका. आतले जुन्या लुगड्यांचे थर वाळत नाहीत, बुरशी आणखी फोफावते. उघडीप मिळाली की नाकाला फडकं बांधून ती अंगणात कोरडीच ब्रशने झाडा. डागांवर पांढरं व्हिनेगर लावा, तासाभराने धुवा, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात खडखडीत वाळवा. ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कापडाला. व्हिनेगरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

कडुनिंबाचा पाला कसरीसाठी घालतात. बुरशी त्याने थांबत नाही, उलट ओला पाला ओलच वाढवतो. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.