पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

नागपूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. सौ. मालतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मुंबईच्या नव्या बिऱ्हाडाचा तू काढून पाठविलेला नकाशा टेबलावर पसरून मी निवांतपणे पाहिला, आणि त्यातील दोन पश्चिमाभिमुख खिडक्या, भिंतीतले बिनदाराचे कपाट व न्हाणीघराचा अरुंद दरवाजा यांविषयी तू जे विचारले आहेस त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून आज लिहावयास बसलो आहे. सरकारी बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दारे-खिडक्यांची अंदाजपत्रके करण्यात माझ्या चाकरीचा मोठा काळ गेला, आणि त्यातून माझे एक मत दृढ झाले आहे. कोणतेही आवरण काय अडवील हे दुकानदार आपण होऊन सांगतो. परंतु उजेड, वारा आणि दमट वाफ यांपैकी कशाला ते वाट देईल, याची चौकशी मात्र घरच्या माणसालाच करावी लागते.

आपल्या इथल्यासारखेच जाड, दुहेरी पडदे लावण्याचा तुझा मानस आहे, आणि त्यालाच माझी पहिली हरकत आहे. नागपुरात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, वारा कोरडा आणि तापलेला असतो. म्हणून सकाळीच खिडक्या लावून, पडदे ओढून घर अंधारे ठेवणे आणि दारावर वाळ्याच्या ताट्या भिजत ठेवणे, हा इथला शहाणा बंदोबस्त आहे. कोरड्या हवेत ताटीतल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, आणि आत येणारी झुळूक गार होते. ही युक्ती इतकी जुनी आहे की अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'तही वाळ्याच्या गारव्याची नोंद केली आहे. पण मुंबईची हवा मुळातच बाष्पाने भरलेली. तिथे ताटी भिजवून खोली केवळ अधिक ओलसर होईल, आणि बंद खोलीत अंगावरचा घाम अंगावरच राहील. तिथे जिवाला आराम पडतो तो वाहत्या वाऱ्यानेच.

तुझ्या घराची खरी अडचण अशी, की दुपारनंतर समुद्रावरून येणारा तो सुखद वारा आणि त्याच वेळी तिरपे होऊन थेट पलंगापर्यंत पोहोचणारे ऊन, ही दोन्ही एकाच खिडकीतून आत येतात. जाड पडद्याने ऊन अडेल खरे, पण वाराही अडेल. शिवाय उन्हाने तापलेला पडदा आपली उष्णता खोलीतच सोडीत राहील, कारण ऊन तोवर तावदानाच्या आत आलेले असते. म्हणून ऊन अडवायचे ते खिडकीबाहेर. छज्ज्याखाली, तावदानापासून वीतभर अंतरावर, बांबूच्या बारीक कामट्यांची चिक सोडावी. तीन वाजता खाली, सूर्यास्तानंतर वर. कामट्यांच्या फटींतून वारा खेळतो आणि उजेड गाळून येतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने बसवलेली तू पाहिली असशील. उजेड आत घ्यावा पण त्याची तिरीप डोळ्यांत येऊ नये, हा विवेक त्या कारागिरांनी किती सुंदर रीतीने साधला होता!

आतल्या बाजूस मग एकेरी, हातमागाचे, मोकळ्या विणीचे सुती कापड पुरे. रेशमाचा मोह टाळ. पश्चिमेच्या उन्हात रेशमाचा धागा लवकर कुजतो, आणि एवढे मोलाचे वस्त्र विटताना पाहणे मोठे क्लेशदायक असते. खिडकी ४ फूट रुंद असेल तर ४८ इंची पन्ह्याच्या कापडाचे दोन पट घ्यावेत, म्हणजे दुप्पट रुंदी मिळून चुण्या भरदार पडतील. ७ फूट लांबीच्या पडद्याला वरची पट्टी, खालची दुमड आणि आटण्याची भर धरून ८ फूट, म्हणजे दोन्ही पट मिळून सुमारे ५ मीटर कापड लागेल. शिवण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच पडदा आखूड होतो. दांडी चौकटीच्या दोन्ही अंगांना ६-६ इंच पुढे जाऊ द्यावी, म्हणजे सरकविलेला पडदा भिंतीवर विसावतो आणि सबंध खिडकी मोकळी होते. मृग लागला की ठेवणीतले पडदे धुऊन, खळ न देता घडी करून ठेव. खळीवर बुरशी धरते आणि कसरही तिच्याच वासावर येते.

कपाटाविषयी. त्याची पाठ न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे हे नकाशात माझ्या ध्यानात आले, आणि म्हणूनच प्लायवुडची घट्ट बसणारी दारे करण्याची तुझ्या सुताराची तजवीज मला मुळीच पसंत नाही. त्या भिंतीतून ओल येणार. तिला बाहेर पडावयास वाट न मिळाल्यास आषाढ-श्रावणात तुझी लुगडी बुरसतील. सरकती दारे जागा वाचवितात, परंतु एका वेळी अर्धेच कपाट उघडते. दोन झडपांची, आडव्या पट्ट्यांची दारे करून घे, वर-खाली बोटभर फट ठेव, आणि फळ्या मागच्या भिंतीपासून इंचभर पुढे बसव. यंदा एवढा खर्च झेपत नसेल तर धुवट मांजरपाटाचा साधा पडदा लावून वर्ष काढ. त्यात कमीपणा मानू नकोस.

न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे, असा माझा आग्रह आहे. सासूबाईंचे वय झाले आहे. आत कोणी पाय घसरून पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडून उघडत नाही. कडीही बाहेरून सोडविता येईल अशी बसव. दार लाकडी असेल तर त्याची वरची आणि खालची कड रंगविल्याखेरीज ते बिजागऱ्यांवर चढवू देऊ नकोस, कारण लाकूड पाणी पिते ते मुख्यतः त्या कापलेल्या टोकांतूनच, आणि सुतार नेमक्या त्याच कडा कोऱ्या ठेवतात. पावसाळ्यात दार फुगून अडू लागले तर लगेच रंधा मारवू नकोस. हिवाळ्यात तेच आकसून फट पडते. शॉवरसाठी काचेचा आडोसा घ्यावा की पडदा, याचा निर्णय पाण्यावर ठेव: बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवरून रोज पुसावे लागतील. मी तर पडदा घेईन. त्याचे टोक उंबऱ्याच्या आतल्या बाजूस पडू दे, आणि आंघोळीनंतर तो गोळा न करता पूर्ण पसरून ठेवण्याची घरात सर्वांना सवय लाव, कारण बुरशी धरते ती ओल्या चुण्यांमध्येच.

सुताराला इसार देण्यापूर्वी दोन्ही खिडक्यांची मापे चौकटीच्या आतून आणि बाहेरून, अशी निरनिराळी घेऊन मला पाठव, आणि छज्जा भिंतीपासून किती पुढे आला आहे तेही लिही, म्हणजे चिकेची उंची मी इथून हिशेब करून कळवीन.

तुझा,
मामा