ओटी आमची, नंबर भलत्याचा

मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यात आमच्या घराला लागून दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, जाऊबाई आणि मी मिळून स्वयंपाक करतो. कालवण, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील. जाहिरातीसाठी वेगळा पैसा आमच्याकडे कधीच नव्हता. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरच्या बोलण्यातूनच हा धंदा उभा राहिला, त्यामुळे चॅटपासून लांब राहा असं मी कुणाला सांगणार नाही. पण एका रविवारी जे पाहिलं ते अशा धंद्यातल्या प्रत्येकाच्या कानावर घालायला हवं.

भर दुपारी एक कुटुंब सामानासकट दारात आलं. रिक्षातून उतरता उतरता आजी म्हणाल्या, ‘‘हीच ओटी, हेच बोंबील.’’ त्यांच्या फोनमधला फोटो आमचाच होता, वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांसकट. फक्त घराच्या नावाची पाटी कापलेली होती आणि नंबर भलत्याच कुणाचा होता. आधी ॲडव्हान्स, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून आणखी रक्कम, आणि मग फोन बंद. आमच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. त्यांना जेवू घातलं आणि त्यांच्या मुलीबरोबर बसून ते सगळं चॅट मी वाचून काढलं.

मुलीने सरळ विचारलं होतं, वर्सोव्याहून बोटीने आलो तर जेट्टीपासून घर किती लांब? उत्तर होतं, ‘‘लोकेशन पेमेंटनंतर.’’ आजीला फार चालवत नाही, गाडी कुठवर येते? ‘‘नो टेन्शन, डायरेक्ट बीचपर्यंत.’’ मध्येच घाई, ‘‘दोन फॅमिली वेटिंगला आहेत, दहा मिनिटांत कन्फर्म करा.’’ आणि शेवटी, ‘‘किल्ल्यावरचा सनसेट पॅकेजमध्ये.’’ मढचं शेंबडं पोरही सांगेल की किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

ठगाला आपला फोटो उचलता येतो, दर पाडता येतो, गोड बोलता येतं. गावाची माहिती मात्र त्याच्यापाशी नसते आणि ती मिळवायची तसदीही तो घेत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज आला की मी आता दराच्या आधी वाट सांगते. वर्सोव्याहून फेरीबोट आहे, पण पावसाळ्यात ती बंद ठेवतात, तेव्हा मालाडहून मार्वे रोडनेच यावं लागतं. मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बेस्ट मढ जेट्टीला येते. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळला सेंट बोनाव्हेंचरच्या १५७५ सालच्या चर्चची जत्रा असते, त्या दिवशी रस्ता तुंबतो, तेव्हा सकाळी लवकर निघा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी असते, त्या दिवसांत ताज्या पापलेटचं वचन मी देत नाही, सुकटीचं देते.

जवळच्या अक्सा किनाऱ्याबद्दलही मी आधीच लिहून कळवते. तिथली वाळू पायाखालून सरकते, ओढ जबर असते, आजवर अनेकांचे जीव गेलेत. पाण्यात उतरू नका, जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा हुज्जत घालू नका. हे वाचून एखादं बुकिंग गेलं तर जाऊ दे. मुलं घेऊन येणाऱ्या आईला हे चॅटवरच कळलं पाहिजे, किनाऱ्यावर पोचल्यावर नाही.

फोटोंचं म्हणाल तर कोपऱ्यात छापलेलं नाव कात्रीने जातं. ओटीवर पाटी ठेवून तिच्यावर खडूने घराचं नाव आणि नंबर लिहा आणि ती पाटी फोटोच्या ऐन मध्यात, ताटाशेजारी येऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे जेट्टीपासून घरापर्यंत न थांबता काढलेला व्हिडिओ. मी गिऱ्हाइकाला आपणहून सांगते, पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉल करा, चूल दाखवते. खोटा माणूस इथेच अडतो. दारावरच्या पाटीवर जे नाव तेच बँक खात्यावर ठेवा. यूपीआयने पैसे पाठवताना समोर बँकेतलं नाव दिसतं, ते जुळतं का पाहा, असं दरपत्रकाखाली लिहून टाका. पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी झाली असेल तर तो क्रमांकही प्रोफाइलवर द्या.

फसवणूक उलट्या बाजूनेही होते. सैन्यातला अधिकारी बोलतोय असं सांगून मोठ्या ग्रुपचं बुकिंग करायचं आणि ‘ॲडव्हान्स घ्यायला हा कोड स्कॅन करा’ म्हणायचं, ही देशभर चाललेली जुनी युक्ती आहे. आमच्या मार्व्याला नौदलाचा हमला तळ आहे, त्यामुळे इथे वर्दीचं नाव घेतलं की माणूस चटकन विश्वास ठेवतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ करून द्या.

बायकांनी धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावाच. घरगुती जेवणाच्या जाहिरातीवर रात्री-अपरात्री नको ते मेसेज येतात. उत्तर न देता ब्लॉक करा, आणि त्याची लाज आपण का बाळगायची? त्या नंबरच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. ओटीपी देऊन नंबर हातचा गेला तर चोर आपल्याच जुन्या पाहुण्यांकडे आपल्या नावाने पैसे मागतो. सोसायट्यांच्या ग्रुपांत जाहिरात टाकत सुटू नका, लोकांना विचारल्याशिवाय ग्रुपात ओढू नका. पाहुणे निघताना त्यांना आपला नंबर सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणजे ज्यांना हवा त्यांनाच. ओळखपत्र म्हणून आधार चॅटवर आलं तर मास्क केलेलं, शेवटचे चारच आकडे दिसणारं मागा आणि काम झालं की ते फोनमधून काढून टाका. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे भरावीच लागते.

आणि फसलेलं कुटुंब तुमच्या दारात आलं तर ‘आमचा संबंध नाही’ म्हणून दार लावू नका. तिथल्या तिथे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून द्या. तक्रार जितक्या लवकर नोंदेल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट पुसू देऊ नका, व्यवहार क्रमांक आणि खोट्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोटो तुमचे असल्याने त्या प्रोफाइलविरुद्ध तुम्हीही वेगळी तक्रार करा, आणि त्याच दिवशी आपल्या सगळ्या पाहुण्यांना आपला खरा नंबर पुन्हा पाठवा.