निआंडर खोऱ्यातील अस्थी

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ नगराच्या पूर्वेस ड्युसेल नावाच्या लहानशा नदीचे खोरे आहे. तेथे एके काळी चुनखडीचे उंच कडे होते व त्या कड्यांत अनेक गुहा होत्या. सतराव्या शतकातील योआखिम निआंडर या धर्मोपदेशक कवीच्या नावावरून या भागास निआंडरचे खोरे असे म्हणू लागले. ‘निआंडर’ या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नवा माणूस’ असा होतो. अतिप्राचीन मानवाची ओळख जगाला याच खोऱ्यात व्हावी, हा योगायोग मोठा विलक्षण होय!

एकोणिसाव्या शतकात चुनखडीसाठी हे कडे फोडण्यात येऊ लागले. १८५६ सालच्या ऑगस्ट महिन्यात फेल्डहोफर नावाच्या गुहेतील माती मजूर उपसत होते. मातीबरोबर काही हाडे निघाली. ती त्यांनी मातीसकट खाली खोऱ्यात फेकून दिली. ही हाडे गुहेत राहणाऱ्या एखाद्या अस्वलाची असावीत, असे खाणीच्या मालकास वाटले. त्याने त्यांपैकी काही वेचून ठेवविली. पुढे ती योहान कार्ल फूलरॉट यांच्या हाती आली.

फूलरॉट हे जवळच्या एल्बरफेल्ड गावी शाळेत शिक्षक होते. निसर्गाच्या अभ्यासाचा त्यांना मोठा नाद होता. कवटीचा वरचा भाग, मांड्यांची व हातांची हाडे आणि काही बरगड्या त्यांनी निरखून पाहिल्या. कपाळ मागे उतरते, भुवयांवरील हाड जाड व पुढे आलेले, सारी हाडे भक्कम. ही अस्वलाची नव्हेत, माणसाची आहेत. परंतु हा माणूस आजच्या माणसासारखा नाही, हे त्यांनी ओळखले.

१८५७ साली त्यांनी व बॉन येथील शरीरशास्त्रज्ञ हेरमान शाफहाउझेन यांनी हे मत विद्वानांपुढे मांडले. डार्विनचा उत्क्रांतीवरील प्रसिद्ध ग्रंथ निघण्यास अद्याप दोन वर्षे अवकाश होता. माणसाचेही एखादे प्राचीन, निराळे रूप असू शकेल, ही कल्पनाच अनेकांना मानवेना. हा १८१४ सालच्या स्वारीतील कोणी कोसॅक स्वार असावा आणि लहानपणी मुडदूस झाल्यामुळे त्याची हाडे वाकली असावीत, असे एका प्राध्यापकांनी सुचविले. रूडोल्फ फिर्खो या थोर वैद्यकशास्त्रज्ञांनीही १८७२ साली ही विकृती रोगामुळे आलेली आहे, असे मत दिले. विल्यम किंग यांनी १८६४ साली या मानवास स्वतंत्र जातीचे नाव दिले होते. तरी वाद मिटला नाही. १८७७ साली फूलरॉट निवर्तले, तेव्हाही त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते.

पुढे नऊ वर्षांनी बेल्जममधील स्पी येथील गुहेत तशाच ठेवणीचे दोन सांगाडे सापडले. त्यांच्यासोबत दगडी हत्यारे होती व नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडेही होती. एका माणसास रोग झाला असे म्हणता येईल. पण दूरदूरच्या गुहांतील माणसांची हाडे एकाच रोगाने एकाच आकाराची कशी व्हावीत? आक्षेपांचा जोर ओसरला.

हे मानव लाखो वर्षे युरोपात व पश्चिम आशियात वावरत होते. ते शिकार करीत, अग्नी वापरीत व दगडाची हत्यारे घडवीत. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सें येथे एका वृद्धाचा सांगाडा सापडला. त्याचे बहुतेक दात जिवंतपणीच गळाले होते व सांधे झिजले होते. सोबत्यांनी सांभाळ केल्यावाचून तो जगला नसता, असे अनेक संशोधकांस वाटते. ज्यांना लोकांनी दीर्घकाळ केवळ रानटी पशू मानले, त्यांच्या ठायीही माया होती!

सुमारे ४५,००० वर्षांपूर्वी आपल्यासारखे मानव युरोपात पसरू लागले आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी निआंडरथल मानव लोपले. परंतु ते पुरते नाहीसे झाले नाहीत. २०१० साली त्यांच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला. आफ्रिकेबाहेरील मानवसमूहांत, अर्थात आपणा भारतीयांतही, त्यांच्या जनुकांचा एक-दोन टक्के अंश आढळतो.

मजुरांनी फेकलेली ती माती १९९७ साली संशोधकांनी पुन्हा शोधून काढली. तेथील उत्खननात मिळालेला हाडाचा एक तुकडा फूलरॉट यांनी जपलेल्या मांडीच्या हाडास अचूक जुळला. ज्ञानाच्या मार्गात टाकाऊ असे काही नसते. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र जागी हवी.

स्वाध्याय

१. ही हाडे अस्वलाची नव्हेत, हे फूलरॉट यांनी कशावरून ओळखले?
२. विद्वानांनी त्यांच्या मतावर कोणते आक्षेप घेतले?
३. स्पी येथील शोधामुळे फूलरॉट यांच्या मतास पुष्टी कशी मिळाली?
४. ‘पाहणाऱ्याची दृष्टी मात्र जागी हवी,’ या वाक्याचे मर्म पाठाच्या आधारे स्पष्ट करा.