खोडलेली किंमत

खारघरमधील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकाशी संध्याकाळी थोडा वेळ थांबा. घरपोच माल आणणाऱ्यांच्या दुचाकी एकामागून एक येताना दिसतील. ही खरेदी मोबाइलच्या पडद्यावर झालेली असते. तेथे वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. मग ती घ्यावी की नाही, हे आपले मन कशावरून ठरवते?

समजा, पडद्यावर एक दप्तर आहे. खाली २,००० रुपये हा आकडा खोडून ९९९ रुपये लिहिले आहेत. ‘हजार रुपये वाचले!’ असे चटकन वाटते. खोडलेला आकडा नसता, तर आपण विचारले असते : या दप्तराला ९९९ रुपये द्यावेत का?

असे का होते? ट्वर्स्की व कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवून त्यांना विचारले गेले : संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांत आफ्रिकेतील देश शेकडा किती? चक्रावर १० पाहणाऱ्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला. ६५ पाहणाऱ्यांचा ४५! वास्तविक चक्राचा आफ्रिकेशी काहीच संबंध नव्हता. पहिला आकडा मनात नांगरासारखा रुततो आणि पुढचा अंदाज त्याच्या आसपासच घुटमळतो.

करून पाहा : बरणीत २०० चिंचोके भरा. वर्गाचे दोन गट करा. एका गटाला चिठ्ठीवर विचारा, ‘चिंचोके ५० हून जास्त की कमी?’ दुसऱ्या गटाला ५० ऐवजी ८०० लिहून द्या. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवू नका. मग प्रत्येकाने आपला अंदाज लिहावा. दोन्ही गटांचे मध्यक काढून तुलना करा.

लक्षात ठेवा, वेष्टनावरील छापील कमाल किंमत ही केवळ वरची मर्यादा असते. माल त्याच भावाने विकला जात होता, असा तिचा अर्थ नव्हे. ‘आता दोनच उरले’ अशी खोटी घाई लावण्यास केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

यावर उपाय साधा आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद कुटुंबे महिन्याच्या मालाची यादी आधी करतात व एकत्रित खरेदी करतात. तुम्हीही पडदा उघडण्यापूर्वी कागदावर दोन गोष्टी लिहा : काय हवे आणि जास्तीत जास्त किती रुपये द्यायचे. मग नांगर तुमचा असेल, दुकानदाराचा नव्हे!