एक चित्र, हजार पिशव्या

सुताराने खाट केली. तुम्ही पैसे दिले आणि खाट घरी आणली. व्यवहार संपला. त्या खाटेवर कोण झोपते, किती वर्षे झोपते, हे सुताराने विचारायचे कारण नाही. खाट एक, तिचे पैसेही एकदाच.

चित्राचे तसे नाही. चित्र काढतात एकदाच. पण ते पिशवीवर छापता येते, सदऱ्यावर छापता येते, कपबशीवर, दिनदर्शिकेवर, मसाल्याच्या पुडीवरही छापता येते. एका चित्रातून हजार पिशव्या निघतात. पिशवी शिवणाऱ्या बाईला दर पिशवीचे पैसे मिळतात. कापडवाल्याला दर मीटरचे मिळतात. छापणारासुद्धा नगावर पैसे घेतो. आणि ज्याचे चित्र पाहून गिऱ्हाईक पिशवीला हात घालते, त्याला काय मिळते? बहुधा एकदाच काहीतरी हातावर ठेवतात. कधी कधी नुसता चहा.

आजचा धडा त्या माणसाच्या पैशाचा आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही शेती करणारी माणसे. चित्रकाराशी आमचा संबंध काय? संबंध आहे. आता गावोगावी बायकांचे बचत गट आहेत. कोणी पापड करते, कोणी पिशव्या शिवते, कोणी हळद दळून विकते. मालाला चांगले चित्र लागते. ते काढणारा गावातलाच मुलगा असतो, नाहीतर शेजारच्या पाड्यावरची मुलगी. तो कोणाचा पगारी नोकर नसतो. आज याचे काम, उद्या त्याचे. म्हणजे पैसे देणारे आपणच आणि घेणारेही आपलेच.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोक राहतात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ते चित्रे काढतात. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. लग्नघरी देवीचा चौक लिहायचा मान बायकांचा. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात गेले. त्यांनी तिथल्या लोकांना कागद आणि रंग दिले. भिंतीवरची चित्रे कागदावर आली आणि शहरात पोचली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

आज ती पांढरी माणसे साडीवर आहेत, चादरीवर आहेत, चहाच्या कपावर आहेत. यांतल्या कितीतरी वस्तूंवर काढणाऱ्याचे नाव नसते. दोन त्रिकोणांचा माणूस काढायची कला कोणा एकाची नाही, ती साऱ्या समाजाची आहे. वारली चित्रकलेची नोंद १९९९ च्या भौगोलिक निर्देशांक कायद्याखाली झालेली आहे. त्यामुळे वारली या नावाला संरक्षण मिळाले. पण त्या नोंदीमुळे एकेका चित्रकाराच्या हातात आपोआप पैसा पडत नाही. एखाद्या मुलाने स्वतःच्या मनाने रचून काढलेले लावणीचे चित्र मात्र त्याचे असते. कोणती बाई कुठे वाकली, बैल कुठे, पाऊस कुठून आला, हे त्याने ठरवलेले असते. ते उचलून दुसऱ्याने छापायचे नाही.

समजा, त्याच भागातला एक बचत गट आहे. महालक्ष्मीच्या जत्रेत विकायला कापडी पिशव्या करायच्या ठरल्या. गटाच्या प्रमुख बाई पाड्यावरच्या तरुण चित्रकाराकडे गेल्या.

"अरे पोरा, आमच्या पिशवीवर एक चित्र काढून दे. भाताची लावणी काढ."

"देतो की मावशी. किती पिशव्या?"

"आधी पाचशे. खपल्या तर आणखी करू."

"मग माझं काय?"

"तुझं काय म्हणजे? घरचंच काम आहे. जत्रेत तुझं नाव होईल!"

मावशी वाईट नाहीत. त्यांच्या मनात कपट नाही. पण शिलाई करणाऱ्या बाईला आपण असे कधी सांगतो का, की शिव गं, तुझे नाव होईल? नावाने चूल पेटत नाही. आणि गंमत अशी, की पिशवीवर त्या मुलाचे नाव छापायचेही कोणाच्या ध्यानात नसते.

बरे, मावशींनी मनावर घेतले आणि म्हणाल्या, "सांग तुझे किती?" तर त्या मुलाने काय सांगावे? पाचशे खपतील की पाच हजार, हे त्याला माहीत नाही. मावशींनाही माहीत नाही. अडचण आहे ती इथेच.

या अडचणीची एक खरी गोष्ट अमेरिकेतली आहे. आठवड्याच्या बाजारात बूट मांडलेले असतात. त्यांतल्या पुष्कळ बुटांवर, खऱ्या आणि नकली, एक खूण दिसते. वहीत बरोबरची खूण करतो ना, तशी. पण आडवी पडलेली, लांब शेपटीची. ती नायकी कंपनीची खूण. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या एका विद्यार्थिनीने ती काढली. तिचा दर होता तासाला २ डॉलर. त्या खुणेचे तिला ३५ डॉलर मिळाले. तेव्हा ती कंपनी लहान होती, पुढे ती जगभर पसरली. १९८३ साली कंपनीने तिला बोलावून सोन्याची अंगठी आणि कंपनीचे काही शेअर दिले. दिले हे चांगले केले. पण ते कंपनीच्या मर्जीवर होते. दिले नसते, तर मागायला तिच्या हातात कागद नव्हता.

म्हणून चित्राच्या पैशाचे दोन भाग करावे, असे माझे मत आहे. एक भाग कामाचा. तो ठरलेला, माल खपो वा न खपो. दुसरा भाग छापायच्या हक्काचा. तो जितका माल खपेल तितका. हिशेब करून पाहू. आकडे आपण मानलेले आहेत. तुमच्या गावचे निराळे असतील, ते घालून पाहा.

चित्राला तीन दिवस लागले. गावात चांगल्या गवंड्याची रोजची हजेरी ९०० रुपये धरू. तीन दिवसांचे २,७०० झाले. चित्रकार कागद आणि रंग स्वतःचे आणतो. तेव्हा कामाचे ३,००० रुपये ठरवले, तर कोणाचे वाकडे झाले नाही.

आता पिशवी. कापड ५० रुपये, शिलाई १५, छपाई १५. एकूण ८० रुपये. विकायची १५० ला. एका पिशवीमागे ७० रुपये राहतात. त्यांतून गाडीभाडे, जत्रेतल्या जागेचे भाडे आणि गटाच्या बायकांचा नफा निघायचा. चित्रकाराला विक्रीच्या किमतीवर शेकडा ५ द्यायचे ठरले. शेकडा ५ म्हणजे शंभराला पाच. दीडशेला किती? साडेसात रुपये. (शाळेत मुले मला विचारीत, शेकडेवारी शिकून काय करायचे? हे करायचे.)

पाचशे पिशव्या खपल्या. ५०० गुणिले साडेसात म्हणजे ३,७५०. कामाचे ३,००० मिळवले की चित्रकाराचे झाले ६,७५०. गटाची विक्री झाली ७५,००० ची. पिशव्यांचा खर्च ४०,००० वजा केला, राहिले ३५,०००. त्यांतून चित्रकाराचे ६,७५० गेले. गटाकडे २८,२५० राहिले. गट बुडाला नाही.

पिशव्या खपल्या शंभरच, असे धरा. मग हक्काचे ७५० आणि कामाचे ३,००० मिळून चित्रकाराला ३,७५० मिळतील. त्याचे तीन दिवस फुकट गेले नाहीत. आणि दोन-तीन वर्षांत पाच हजार खपल्या, तर? हक्काचे ३७,५०० आणि कामाचे ३,००० मिळून ४०,५००. आकडा मोठा दिसतो. पण तेव्हा गटाची विक्री साडेसात लाखांची झालेली असेल. गटाचे वाढले तसे त्याचेही वाढले. "एवढे कशाला, पहिलेच तीन हजार पुरे होते," असे त्या वेळी मनात येईल. ते येऊ द्यावे, पण पैसे द्यावे.

शेकडा ५ हा काही सरकारी आकडा नव्हे. तो बोलून ठरवायचा. मात्र कोणत्या किमतीवर, तेही बोलून घ्यावे. गटाने हीच पिशवी शहरातल्या दुकानदाराला ११० ला घाऊक दिली, तर शेकडा ५ ने साडेपाचच रुपये येतात. इथे भांडणे होतात. त्यापेक्षा "दर पिशवीमागे साडेसात रुपये" असा सरळ आकडा ठरवलेला मला बरा वाटतो. लहान मुलालासुद्धा तो मोजता येतो.

गट अगदी नवा आहे, पेटीत पैसे नाहीत, असेही होते. मग कामाचे पैसे दोन हप्त्यांत द्यावे. किंवा लहान, एका दिवसात होणारे चित्र घ्यावे. फुकट मात्र मागू नये. आणखी एक वाईट चाल पडली आहे. पाच मुलांकडून पाच नमुने करून घ्यायचे आणि पसंत पडेल त्याच एकाला पैसे द्यायचे. चार सुतारांना चार खाटा करायला लावून एकीचेच पैसे देऊन पाहा बरे!

आता कायदा. मी वकील नव्हे, पण एवढे प्रत्येकाला ठाऊक हवे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कॉपीराइट म्हणजे नक्कल काढायचा हक्क. माणसाने स्वतःहून चित्र काढले की हा हक्क त्याचा होतो. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. तो त्याच्या हयातीत राहतो आणि मरणानंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. तुम्ही ते चित्र विकत घेऊन घरात टांगले, तरी ते छापायचा हक्क तुम्हांला मिळत नाही.

पण इथे एक खाच आहे. चित्र जर कोणी पैसे देऊन, सांगून काढून घेतले आणि वेगळे काही ठरवले नाही, तर हक्काचा पहिला मालक तो पैसे देणारा होतो. पुष्कळ चित्रकारांना हे माहीत नसते. "चित्र माझे, हक्क माझाच असणार," असे धरून ते गप्प राहतात आणि फसतात. म्हणून काम हाती घ्यायच्या आधीच हक्क कोणाचा ते ठरवावे आणि लिहून घ्यावे. आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा, तरी तो तोंडी देता येत नाही. लेखी हवा, खाली सही हवी. किती वर्षांसाठी ते लिहिले नाही, तर पाच वर्षे धरतात. कुठवर ते लिहिले नाही, तर सारा भारत धरतात. हक्क दिला, तरी "हे चित्र मी काढले" असे म्हणायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

यंत्रावर छापायच्या नक्षीसाठी २००० सालचा डिझाइन कायदाही आहे. नक्षी बाजारात येण्याआधी नोंदवली, तर १० वर्षे संरक्षण मिळते, पुढे आणखी ५ वाढवता येतात. न नोंदवता यंत्रावर पन्नासाच्या वर नग काढले, तर त्या नक्षीचा कॉपीराइट जाऊ शकतो. मोठा कारखाना चित्र मागायला आला, तर आधी वकिलाला विचारावे. गावातल्या गटाला मात्र एक चिठ्ठी पुरते.

ती अशी लिहावी. मोठ्याने वाचा.

"लावणीचे चित्र एक. कामाचे ३,००० रुपये. निम्मे आज दिले, निम्मे चित्र हाती आल्यावर. दोन वेळा दुरुस्ती त्यातच. तिसऱ्या दुरुस्तीचे ३०० वेगळे. गटाने काम मध्येच थांबवले, तर दिलेले निम्मे परत मागणार नाही. चित्राचा हक्क चित्रकाराचा. गटाला फक्त कापडी पिशवीवर छापायची परवानगी, महाराष्ट्रात विकण्यासाठी, तीन वर्षे. विकलेल्या दर पिशवीमागे ७ रुपये ५० पैसे. हिशेब दर तीन महिन्यांनी, विक्रीची वही दाखवून. पिशवीच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव."

खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्या. एक गटाच्या पेटीत, एक चित्रकाराच्या घरी. अंगठा करू नका. आता सही येते.

"फक्त कापडी पिशवीवर" हे शब्द पुन्हा एकदा वाचा. उद्या गटाला तेच चित्र सदऱ्यावर छापायचे असेल, तर पुन्हा विचारायला हवे. दुसरा कोणी व्यापारी तेच चित्र चहाच्या कपावर मागू लागला, तर चित्रकार त्याला ते देऊ शकतो, गटाने रागावू नये. ते चित्र दुसऱ्या कोणालाच देऊ नये, अशी गटाची इच्छा असेल, तर तसे चिठ्ठीत घालावे. पण मग आकडा वाढवावा लागेल. त्या मुलाचे बाकीचे दरवाजे आपण बंद करतो आहोत.

तीन वर्षे भरली की परवानगी संपली. पिशव्या पुढेही छापायच्या असतील, तर दोघांनी पुन्हा बसायचे. तोवर कापड महागले असेल, पिशवी १८० ला जात असेल, तर चित्रकारानेही साडेसाताचे नऊ मागावे. छापून ठेवलेल्या पिशव्या शिल्लक असतील, तर त्या विकायला गटाला आणखी सहा महिने द्यावे, जुन्याच दराने. हेही पहिल्याच दिवशी चिठ्ठीत लिहून ठेवले तर बरे.