सुखाचा पहिला घोट (गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३८)



या आठवडाभर हेच तीन श्लोक रोज वाचतोय. भगवंत इथे सुखाची चव सांगतात. सात्त्विक सुख आधी विषासारखं लागतं, शेवटी अमृत होतं. इंद्रियांना विषय भेटला की मिळणारं राजस सुख बरोबर उलटं. आणि ३६ व्या श्लोकात एक शब्द आहे, 'अभ्यास'. म्हणजे खरं सुख सवयीने मुरतं.

मी मात्र पहिल्या घोटावरच निकाल लावतो. रात्री रील्स बघताना पहिली पाच मिनिटं मस्त, दीड वाजता फोन ठेवताना नुसती चिडचिड. (हे लिहितानाही दोनदा फोन पाहिला!)

दिवाळीपासून दादाशी बोलणं बंद होतं. चूक माझीच. रविवारी हे श्लोक वाचले आणि फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा वाटलं, नकोच उचलू दे. "दादा, माझं चुकलं," म्हणताना तोंड खरंच कडू झालं. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "जेवलास का?"

सगळं मिटलेलं नाही अजून. पण त्या रात्री रील्स न बघता झोप लागली.

आज परत फोन करायचाय. हात जड आहेच.